एका इंचाचा माणूस

प्रौढ माणसाने छंद जरूर बाळगावा, परंतु तो त्याच्या वयाला शोभेल असा असावा, अशी आपल्याकडे समजूत आहे. बागकाम शोभते, टपालाची तिकिटे शोभतात, बुद्धिबळ तर विद्वत्तेचे लक्षण समजले जाते. साठी ओलांडलेला गृहस्थ मात्र नाकाच्या शेंड्यावर चष्मा, हातात तीन शून्य क्रमांकाचा ब्रश आणि समोर वीतभर प्लॅस्टिकचे विमान अशा थाटात खिडकीपाशी बसलेला दिसला, की घरी आलेला पाहुणा गालांतल्या गालांत हसतो आणि विचारतो, "नातवासाठी वाटतं?" या प्रश्नाचा आम्हांला राग येत नाही, त्याची आता सवय झाली आहे. अस्वस्थ करतो तो दुसरा प्रश्न. तो फार थोडे लोक विचारतात, आणि जे विचारतात ते मनापासून विचारतात : "जगातली बाकीची विमाने सोडून ही लढाईतलीच का? माणसे मारणाऱ्या यंत्राला इतक्या प्रेमाने रंग कशासाठी द्यायचा?"

प्रश्न रास्त आहे, आणि तो आम्ही स्वतःलाही पुष्कळदा विचारला आहे. त्याचे उत्तर एका वाक्यात मावत नाही. ते देण्यापूर्वी हे काम काय असते, हे सांगावयास हवे.

दुकानातून आणलेल्या खोक्यात विमान नसते. विमान होण्याची केवळ शक्यता असते. करड्या पॉलिस्टायरीनच्या चौकटी, त्यांना फांदीला चिंचा लटकाव्यात तसे लटकलेले पन्नास-साठ भाग, पारदर्शक कॅनॉपी, पाण्यात भिजवून चिकटवावयाच्या चिन्हांचा कागद (याला डेकल म्हणतात) आणि जोडणीचा नकाशा एवढाच ऐवज. हे भाग प्रथम साबणाच्या कोमट पाण्यात धुवावे लागतात. साच्यातून सुटावेत म्हणून लावलेले द्रव्य अंगावर राहिले तर रंग धरत नाही. मग कापणे, घासणे, जोडणे. दोन अर्ध्या भागांच्या सांध्यात फट राहिली तर तेथे लांबी भरावयाची, ती वाळली की वॉटर पेपरने पाण्यात घासावयाची, नंतर अस्तराचा पातळ हात, आणि मग खऱ्या रंगाचे दोन किंवा तीन हात. ज्याने घराच्या दरवाजाला कधी रंग दिला आहे, त्याला यात नवे असे काहीच नाही. फरक इतकाच, की आमचा दरवाजा तांदळाच्या दाण्याएवढा असतो.

या कामाला ऋतुमानही पाळावे लागते. आमच्या वसईत जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेत एवढी ओल असते, की फवाऱ्याने दिलेला रंग वाळता वाळता दमट होतो आणि त्यावर पांढुरकी साय धरते. म्हणून पावसाळ्यात आम्ही फवारा गुंडाळून ठेवतो आणि कॉकपिटमधली बारीक कामे ब्रशने करीत बसतो, किंवा वाचतो. वाचन हा या छंदाचा अर्धा भाग आहे, हे बाहेरच्यांना ठाऊक नसते. ज्या विमानाला रंग द्यावयाचा, ते कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात, कोणत्या तळावर उभे होते, हे कळल्यावाचून रंगाची डबी उघडता येत नाही.

आम्हांला ही गोडी लावली ती आमच्या मामांनी. ते जहाजावर नोकरीला होते. आमच्याकडच्या कित्येक घरांतून त्या काळी एक तरी माणूस जहाजावर असे आणि तो परतला की खोक्याखोक्यांतून परदेश घरात येई. मामांच्या पेटीतून एका सुटीत निघाले ते स्पिटफायर विमानाचे किट. ते आम्ही बोटांना गोंद फासून घेत दोन दिवसांत जोडले, आणि त्यानंतर आमचे बोट गोंदापासून कधी सुटलेच नाही.

त्या खोक्यावर '१:७२' असा आकडा होता. बहात्तर हा कोणता विचित्र आकडा, असे तेव्हा वाटले होते. पन्नास नाही, शंभर नाही, बहात्तर का? उत्तर साधे आहे. सहा फुटांचे इंच होतात बहात्तर. म्हणजे या मापात सहा फूट उंचीचा माणूस बरोबर एक इंच भरतो. विमान किती लहान करावयाचे, हे विमानावरून ठरलेले नाही. माणसावरून ठरलेले आहे. इंग्लंडमध्ये १९३० नंतरच्या दशकात 'स्कायबर्ड्स' या नावाने या मापाची लाकडी विमाने निघाली, १९३६ मध्ये 'फ्रॉग' कंपनीने 'पेंग्विन' नावाने याच मापात प्लॅस्टिकचे संच काढले, आणि १९५३ मध्ये 'एअरफिक्स'ने आपली पहिली स्पिटफायर बाजारात आणली. पुढे जपानच्या शिझुओका शहरातले कारखाने, नंतर चेक कारखाने या धंद्यात उतरले. साचे सुधारले, रंग सुधारले. पण मूळ माप राहिले ते तेच, एका इंचात एक माणूस. आम्ही स्वतः पाच फूट चार इंच असल्याने त्या हिशेबाने इंचालाही थोडे कमीच पडतो, ही गोष्ट वेगळी.

या मापाची विमाने केवळ खेळणी म्हणून वाढली नाहीत. १९४२ मध्ये अमेरिकन नौदलाने देशातल्या शाळकरी मुलांकडे एक काम सोपविले. पन्नास प्रकारच्या विमानांच्या प्रत्येकी दहा हजार, अशा पाच लाख लाकडी प्रतिकृती त्यांनी तयार करावयाच्या होत्या. माप हेच, बहात्तरास एक. रंग मात्र एकच, काळा. आकाशात दिसणारी केवळ सावली पाहून आपले विमान कोणते आणि शत्रूचे कोणते, हे सैनिकांना ओळखता यावे, यासाठी ही सारी खटपट होती. शत्रूला पाडता यावे हा तिचा हेतू होताच; परंतु घाबरलेल्या तोफवाल्याने आपल्याच माणसाला पाडू नये, हाही होता. शाळेच्या बाकावर बसून लाकूड तासणाऱ्या पोराच्या हातात कुणाचा तरी जीव होता. तेव्हा या छंदाच्या मुळाशीच हा प्रश्न आहे, की वर जाते आहे ते कोण आहे.

रंगांची कथाही तीच आहे. रंग म्हणजे शोभा असे आपण समजतो. लढाऊ विमानावर शोभेसाठी दिलेला रंग फारसा सापडत नाही. वरून पाहणाऱ्याला जमीन वाटावी म्हणून पाठीवर हिरवे आणि मातकट पट्टे, खालून पाहणाऱ्याला आकाश वाटावे म्हणून पोटाला फिकट छटा. ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटिश लढाऊ विमानांच्या पाठीवरचा मातकट रंग जाऊन त्या जागी समुद्री करडा आला, कारण लढाई आता इंग्लंडच्या शेतांवरून उठून खाडीवर आणि पलीकडे गेली होती. ब्रिटिश विमानांच्या वर्तुळचिन्हात निळ्या कड्याच्या आत मध्यभागी लाल ठिपका असे. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हा ठिपका घातक ठरू लागला, कारण जपानी विमानावरही लाल सूर्यबिंब होते. घाईत पाहणाऱ्याला लाल दिसे आणि तो गोळी झाडी. म्हणून १९४३ पासून या आघाडीवरच्या चिन्हांतून लाल रंग काढून टाकण्यात आला. उरला तो गडद निळा आणि फिकट निळा. १९४४ मध्ये स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली इंफाळहून लढलेल्या आपल्या हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनच्या हरिकेन विमानांचा काळ तो हाच. आज आम्ही त्या काळातली हरिकेन रंगवितो तेव्हा लाल रंगाची डबी कपाटातच राहते. त्या न उघडलेल्या डबीमागे कुणाकुणाचे जीव आहेत, ते आठवावे लागते.

दुसरे उदाहरण नॉर्मंडीवरील चढाईचे. ६ जून १९४४ च्या त्या दिवसासाठी मित्रराष्ट्रांच्या विमानांवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या रंगवाव्यात, असा हुकूम निघाला. गुप्तता राहावी म्हणून तो अगदी शेवटच्या क्षणी अमलात आला. ४ आणि ५ जूनला तळातळांवर यंत्रज्ञ आणि कारकून, ज्याच्या हाती जे लागले ते, ब्रश नाही तर झाडू घेऊन रंगवीत सुटले. एका इंजिनाच्या लढाऊ विमानावर प्रत्येक पट्टी अठरा इंच रुंद असावयाची. आमच्या मापात ती सहा मिलिमीटरांहून किंचित अधिक भरते. आम्ही चिकटपट्टी लावून ती हवी तितकी सरळ रंगवू शकतो. परंतु सरळ रंगविली की ती खोटी होते. खरी पट्टी वाकडी होती, तिच्या कडा ओघळलेल्या होत्या, काळ्यात पांढरा मिसळला होता. कारण ती ज्याने रंगविली तो रात्रभर जागा होता आणि त्याला शेजारचे विमान अजून करावयाचे होते. म्हणून आम्ही चिकटपट्टी बाजूला ठेवतो आणि त्या पट्ट्या मोकळ्या हाताने ओढतो. नीट आलेला हात मुद्दाम बिघडविणे फार कठीण असते.

रंग पुरा झाला, डेकल बसले, की बहुतेक लोक थांबतात. आमच्या मते येथून खरे काम सुरू होते. आता त्या स्वच्छ विमानाला मळवावयाचे असते. पातळ केलेला काळपट तेलरंग पत्र्यांच्या सांध्यांतून ओढावयाचा, म्हणजे प्रत्येक पत्रा वेगळा उठून दिसतो. धुराड्यांच्या मागे धुराची सावली फवारावयाची; शिसे घातलेल्या पेट्रोलमुळे ती निव्वळ काळी नसते, तिच्यात करडी-तपकिरी झाक असते. स्पिटफायरचा वैमानिक डाव्या पंखावरून चढे, कारण आत शिरण्याचा छोटा दरवाजा डावीकडे होता. म्हणून डाव्या पंखाच्या मुळाशी रंग खरवडलेला असतो. हा ओरखडा उजवीकडे तितकाच काढला की जाणकार हसतात. वर्षभर उन्हात उभे असलेले विमान आणि कालच कारखान्यातून आलेले विमान यांचा मळ सारखा नसतो. प्रत्येक डागाला कारण हवे. ज्याला कारण नाही तो डाग आम्ही काढीत नाही, हा आमचा जुना नियम आहे.

या सर्व खुणांमध्ये एक खूण अशी आहे, की तिच्यापाशी आमचा ब्रश नेहमी थांबतो. स्पिटफायरच्या पंखांच्या पुढल्या कडेला मशिनगनची भोके असत. धूळ आणि ओल आत जाऊ नये, उंचावरच्या थंडीत बंदूक गोठू नये, म्हणून उड्डाणापूर्वी त्या भोकांवर कापडाचे लाल तुकडे चिकटवीत. पहिलीच गोळी त्या तुकड्याला फाडून बाहेर पडे. विमान परतले की उघड्या भोकांवरून वारा शीळ घाली. जमिनीवर वाट पाहणारे यंत्रज्ञ ती शीळ ऐकून ओळखीत, की आज बंदुका वाजल्या आहेत. आमच्या मापात हा तुकडा मोहरीच्या दाण्याएवढा होतो. तो अखंड रंगवावयाचा की फाटका? अखंड असेल तर हे विमान अजून गेलेले नाही, किंवा कुणावर गोळी न झाडता परत आले आहे. फाटका असेल, मागे पंखावर काजळीची रेघ असेल, तर काही घडून गेलेले आहे. कुणावर तरी गोळ्या गेल्या आहेत, आणि तो कुणी इंचभर उंचीचा नव्हता. मोहरीएवढ्या जागेत लाल रंग लावताना हे ठरवावे लागते. ते ठरविल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

कॉकपिटच्या पुढे, इंजिनाच्या मागे, पत्र्यावर एक आडवी रेघ आहे. तिच्याखाली पेट्रोलच्या टाक्या. सुरुवातीच्या स्पिटफायरमध्ये पंच्याऐंशी गॅलन पेट्रोल वैमानिकाच्या गुडघ्यांपुढे साठविलेले असे. ते पेटले तर ज्वाळा कोठे येणार, हे सांगावयास नको. अशा भाजलेल्या तरुणांचे चेहरे आणि हात पुन्हा घडविण्याचे काम ईस्ट ग्रिन्स्टेडच्या इस्पितळात डॉ. आर्चिबाल्ड मॅकिंडो यांनी केले, आणि त्यांच्या रुग्णांनी १९४१ मध्ये स्वतःची एक मंडळी स्थापून तिला थट्टेने 'गिनी पिग क्लब' असे नाव दिले. कॉकपिटच्या दरवाजाला आतून एक लहानशी पहार अडकवलेली असे. आच्छादन अडकून बसले तर ते फोडून बाहेर पडण्यासाठी ती होती. आम्ही ती केसाएवढ्या तारेची करतो. एकदा कॅनॉपी बसविली की ती कुणालाही दिसत नाही. तरी ती करतो.

दिसत नाही ते करावयाचे कशासाठी? येथे आमच्या मित्रांच्या प्रश्नाचे उत्तर हळूहळू हाती येऊ लागते. लोकांना वाटते, विमान रंगविणारा माणूस मनातल्या मनात वैमानिक झालेला असतो. तो ढगांत झेपावतो आहे, शत्रूचा पाठलाग करतो आहे. लहानपणी तसे होतही असेल. पण आम्ही या टेबलापाशी जे करतो, ते वैमानिकाचे काम नव्हेच. लांबी भरणे, रंगाचा हात देणे, लाल तुकडे चिकटविणे, काच पुसणे, ही सारी कामे जमिनीवर राहणाऱ्यांची. कॅनॉपीवर बोटाचा ठसा उमटला की आम्ही हळहळतो. तळावरचे यंत्रज्ञ तर ती काच घासूनपुसून लख्ख ठेवीत, कारण काचेवरचा एक ठिपका आकाशात शत्रूच्या विमानासारखा दिसतो. त्या यंत्रज्ञांत स्त्रियाही होत्या. त्यांची नावे पुस्तकांत क्वचितच येतात. ते विमान सज्ज करीत, वैमानिकाचे पट्टे आवळीत, आणि मग हात पुसत आकाशाकडे पाहत उभे राहत. जाणारी विमाने मोजीत, येणारी मोजीत. आम्ही बसतो ते त्यांच्या जागेवर.

गेल्या हिवाळ्यात आम्ही जे विमान पुरे केले, त्याचा आपल्या मुंबईशी संबंध आहे. युद्धकाळात विमानांसाठी हिंदुस्थानातून पैसा गोळा झाला आणि त्याची आठवण म्हणून ब्रिटिश हवाई दलाच्या काही स्क्वाड्रनना येथली नावे मिळाली : हैदराबाद, म्हैसूर, बडोदा, आणि मुंबई. १२२ क्रमांकाची स्क्वाड्रन 'बॉम्बे स्क्वाड्रन' म्हणून ओळखली जाई. तिच्या विमानांच्या अंगावर 'एम' आणि 'टी' ही अक्षरे असत. १९४२ च्या वसंतात तिचे नेतृत्व आले फ्रांटिशेक फाय्टल यांच्याकडे. ब्रिटिश स्क्वाड्रनचा प्रमुख झालेले ते पहिले चेक वैमानिक. ज्याचा देश हिटलरने गिळला होता असा एक मनुष्य, ज्या शहराच्या नावाने लढत होता ते शहर त्याने पाहिलेले नव्हते, आणि त्या शहरातल्या लोकांना त्याचे नावही ठाऊक नव्हते. ५ मे १९४२ रोजी उत्तर फ्रान्सवर फाय्टल यांचे विमान पाडले गेले. ते वाचले, लपतछपत, बरेचसे पायी, फ्रान्स ओलांडून स्पेनमार्गे इंग्लंडला परतले. पुढे १९४४ मध्ये स्लोव्हाक उठावाच्या मदतीसाठी ते लढले. आणि युद्ध जिंकून मायदेशी गेल्यावर १९४८ नंतरच्या कम्युनिस्ट राजवटीने, पश्चिमेकडून लढलेला माणूस म्हणून, त्यांना खटल्यावाचून तुरुंगात डांबले. २००६ मध्ये ते वारले.

हे विमान रंगविताना वर्तुळचिन्हांपाशी आम्ही फार जपून होतो. १९४२ च्या उन्हाळ्यात ब्रिटिश वर्तुळांचा नमुना बदलला. पिवळे आणि पांढरे कडे बारीक झाले. फाय्टल मेच्या आरंभीच पडले, तेव्हा त्यांच्या विमानावर जुने, जाड कड्यांचेच वर्तुळ हवे. मिलिमीटरभराच्या त्या फरकात एक तारीख आहे. बंदुकांवरचे लाल तुकडे आम्ही अखंड ठेवले. ५ मेची सकाळ, उड्डाणापूर्वीची. यंत्रज्ञाने काच पुसली आहे आणि काहीही अजून घडलेले नाही.

आणि आत माणूस बसविला. या छंदातले जाणते लोक सहसा वैमानिकाची आकृती बसवीत नाहीत. ती ओबडधोबड असते, तिच्यामुळे आतले नाजूक काम झाकले जाते, असे त्यांचे म्हणणे. आणि कलेच्या दृष्टीने ते बरोबरही असेल. परंतु ज्या मापाचा पायाच माणसाची उंची हा आहे, त्यातून माणूसच वगळावा, हे आमच्या मनाला पटत नाही. किटमधली आकृती एकच असते, चामड्याची टोपी घातलेली, कुणाचीही. तिला आम्ही कुणाचा तरी चेहरा देण्याचा प्रयत्न करतो. पंजाबचे महिंदरसिंग पुज्जी १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये हरिकेन चालवीत, तेही पगडी बांधून. पुढे ते ब्रह्मदेशातही लढले. २०१० मध्ये ते गेले आणि २०१४ मध्ये इंग्लंडमधल्या ग्रेव्हसेंड येथे त्यांचा पुतळा उभा राहिला. त्यांची हरिकेन केली तेव्हा किटमधल्या आकृतीची टोपी तासून आम्ही एम-सीलची दोऱ्यासारखी वळी केली आणि सुईच्या टोकाने तिच्या घड्या पाडल्या. तीन संध्याकाळी गेल्या. ती पगडी वाटाण्याच्या निम्मीही नाही. पण कॉकपिटमध्ये आता 'वैमानिक' बसलेला नाही, पुज्जी बसले आहेत.

शत्रूचे विमान करताना कसोटी अधिक कठीण होते. जर्मन मेसरश्मिटच्या शेपटीवर नाझींचे चिन्ह असे. जर्मनीत विकल्या जाणाऱ्या खोक्यावरच्या चित्रात ते दाखवीत नाहीत. कित्येक कारखाने डेकलच्या कागदावर ते दोन तुकड्यांत छापतात, म्हणजे ज्याला हवे त्याने जोडून घ्यावे. आमच्या शेजारच्या मुलाने एकदा ते पाहिले आणि निरागसपणे विचारले, "काका, जर्मन लोकसुद्धा दिवाळीला स्वस्तिक काढायचे?" त्याच्या दारातले स्वस्तिक आणि शेपटीवरचे ते चिन्ह यांत काय अंतर आहे, हे त्याला समजेल अशा शब्दांत सांगताना आमची दमछाक झाली. जर्मन भाषेत त्या चिन्हाला 'हाकेनक्रॉइत्स' म्हणतात, म्हणजे आकड्याचा क्रूस. शेजाऱ्यांचे मंगलचिन्ह आणि आमचे तारणचिन्ह, दोघांचेही एकाच वेळी त्या लोकांनी काय करून ठेवले! आम्ही ते चिन्ह शेपटीवर लावतो. ते झाकले तर विमान निरपराध दिसू लागते. काही जर्मन वैमानिक सुकाणूच्या पत्र्यावर, पाडलेल्या प्रत्येक विमानामागे एक उभी रेघ रंगवून घेत. त्या रेघाही काढतो. एक रेघ म्हणजे एक विमान. त्यात माणसे किती होती, हे रेघ सांगत नाही.

लढाई आपल्यापासून दूर होती, असे मुंबई-वसईच्या माणसाने म्हणू नये. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज पेटले. त्यात सुमारे चौदाशे टन स्फोटके होती, आणि कापसाच्या गठड्याही. इंग्लंडहून निघताना त्या जहाजावर चढविलेल्या मालात स्पिटफायर विमाने होती, हे आम्ही प्रथम वाचले तेव्हा हातातला ब्रश खाली ठेवला. दुपारी चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसे गेली. आग विझविण्यासाठी गेलेल्या अग्निशमन दलाचे सहासष्ट जवान त्यांत होते. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळला जातो.

आमचे आजोबा त्या वेळी गोदीत फिटर होते. वसईला घराची दारे थरथरली, मांडणीवरची भांडी वाजली, असे आजी सांगे. दोन रात्री ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आले, तेव्हा त्यांच्या अंगात दुसऱ्या कुणाचा तरी शर्ट होता. तो कुणाचा, हे त्यांनी कधीच सांगितले नाही, आणि आजीने तो धुऊन, घडी घालून, पेटीत ठेवला. तो परत मागायला कुणी आले नाही. बंदुका चालविणाऱ्यांचा इतिहास असतो. बोल्ट आवळणाऱ्यांचा, गठड्या उतरविणाऱ्यांचा, पंप घेऊन धावणाऱ्यांचा इतिहास असा एखाद्या पेटीत, घडी घातलेला सापडतो.

तर आमच्या मित्रांच्या प्रश्नाला आमचे उत्तर हे असे आहे. लढाऊ विमान सुंदर असते, हे आम्ही नाकारीत नाही. स्पिटफायरचा तो पातळ, लंबवर्तुळाकार पंख रेजिनाल्ड मिचेल यांनी आखला, आणि १९३७ मध्ये, युद्ध सुरू होण्याआधीच, ते बेचाळीसाव्या वर्षी वारले. त्या रेषेवरून बोट फिरविताना आजही आनंद होतो, आणि तो आनंद अगदी निष्पाप आहे असेही आमचे म्हणणे नाही. विमान सज्ज करणाऱ्या यंत्रज्ञानेच बंदुकीत गोळ्यांचे पट्टे भरले होते. जो जमिनीवर राहिला तोही त्यातून सुटला नाही. पण आम्ही ज्या प्रेमाने रंग देतो, ते मारणाऱ्या यंत्रावरचे प्रेम नव्हे. ते, गेलेला परत येईल का, म्हणून वर पाहत उभ्या राहिलेल्या माणसाचे आहे. यंत्राचे कौतुक करणाऱ्याला एक स्वच्छ, चकचकीत विमान पुरते. त्याला मळ नको असतो, ओरखडा नको असतो, पहार तर मुळीच नको असते. ज्याला माणूस हवा असतो, त्याला हे सारे लागते.

आता रविवारी दुपारी शेजारपाजारची चार-पाच मुले आमच्या टेबलाभोवती जमतात. मोबाइलच्या पडद्यावर एका बोटाने शेकडो विमाने पाडणारी ही मुले. त्यांना आम्ही उपदेश करीत नाही. मुलांना उपदेश ऐकू येत नाही, हे आम्हांला चांगले ठाऊक आहे. आम्ही फक्त कामाची शिस्त लावून देतो. खोके उघडल्यावर प्रत्येक जण पंखांकडे झेपावतो. ते आम्ही काढून घेतो. पहिल्यांदा आसन जोडावयाचे, मग त्यावरचे पट्टे रंगवावयाचे, मग तो एक इंचाचा माणूस चौकटीतून कापून, घासून, त्याच्या चेहऱ्याला रंग द्यावयाचा. पेणचे मूर्तिकार डोळ्यांची आखणी शेवटी करतात. आमच्याकडे उलट आहे, डोळे आधी. मुले कुरकुरतात, कारण तो चेहरा लहान असतो, हात थरथरतो, रंग ओघळून हनुवटीवर येतो. पुसून पुन्हा करावे लागते. गेल्या रविवारी त्यातल्या सर्वांत धाकट्याने तिसऱ्या प्रयत्नानंतर मान वर केली आणि विचारले, "काका, याचं नाव काय होतं?"

आम्ही कपाटातले पुस्तक काढून त्याच्यापुढे ठेवले.